न्यूमोनियाच्या औषधाने लेकराच्या अंगावर पुरळ आलं. 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' हा शेरा आता जन्मभर राहणार का?

कापूसवेचणी
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. मुलगा दोन वर्षांचा, वजन साडेदहा किलो. दिवाळीनंतर वेचणीच्या धांदलीत त्याला सर्दी-खोकला झाला, मग ताप, आणि एका रात्री पोट उडायला लागलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. आमच्या आशाताईंनी शर्ट वर करून, घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ५२ भरले. तिथूनच गाडी करून तालुक्याला नेलं. न्यूमोनिया निघाला. अ‍ॅमॉक्सिसिलिनचं पातळ औषध दिलं. दोन दिवसांत ताप उतरला, पोरगं भाकरी मागायला लागलं.

औषध संपत आलं तेव्हा एका सकाळी आंघोळ घालताना पाठीवर आणि पोटावर लाल पुरळ दिसलं. बारीक, सपाट, बोटाने दाबलं की फिकं पडायचं. खाजवत नव्हता. ओठ, डोळे सुजले नव्हते. अंगणात कोंबडीमागे पळत होता. सासूबाई म्हणाल्या, औषध गरम पडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, गोवर आहे, दाराला कडुलिंब बांधा. दवाखान्यात फोन केला तर 'बंद करा आणि घेऊन या' म्हणाले. गेलो. कागदावर लाल पेनाने 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहून दिलं, हे औषध पेनिसिलिनच्याच गटातलं म्हणे, बाकी काही सांगितलं नाही.

आता थंडी वाढली तसा खोकला पुन्हा सुरू झालाय. दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि थेट इंजेक्शनचा कोर्स सुचवला. म्हणजे रोज तालुक्याला ने-आण, तीही वेचणीच्या दिवसांत. हे पुरळ म्हणजे खरंच अ‍ॅलर्जी का? याची खात्री कुठे करून मिळते? तुमच्या लेकरांना औषध बाधलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

तर्रीपोहे
ताई, आधी एक सांगा, आत्ता श्वास कसा चाललाय? नुसता खोकला आहे की पुन्हा पोट उडतंय? पुरळाचं मागून बघू.

कापूसवेचणी
नाही हो, पोट उडत नाही. नाक वाहतंय, रात्री खोकतो. आशाताईंनी मोजले तेव्हा ३२ होते. जेवतोय, खेळतोय.

झाडीपट्टी
ताई, मी धानोऱ्याकडचा. माह्या पुतणीचं सांगतो. तिले न्यूमोनियासाठी इंजेक्शन देलं आन् आम्ही बाहेर बाकावर बसलोच होतो. दहा मिनिटंबी झाली नसतील, पोट्टी अंग खाजवाले लागली. गालावर, मानेवर मोठमोठ्या गांधी उठल्या. ओठ सुजला, आवाज घोगरा झाला, छातीतून शिटी वाजाले लागली. मंग एकदम ढिली पडली. सिस्टरनं कोणाची वाट नाही पाहिली. मांडीत अ‍ॅड्रेनालिन टोचलं, झोपवून पाय वर केले, ऑक्सिजन लावला. पोट्टीनं डोळे उघडले तवा माह्या वहिनीच्या जिवात जीव आला. १०८ नं जिल्ह्याले नेलं आन् रातभर तिथंच ठेवलं, काऊन का थे रिअ‍ॅक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते म्हणे.

म्हणून मी म्हणतो, शेरा आहे तर राहू द्या. पोरापेक्षा इंजेक्शनचा खर्च मोठा नाही.

औषधवाला
माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. रोज बघतो ते लिहितो.

अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडच्या बाटलीवर २२८.५ लिहिलेलं असतं किंवा ४५७. दोन्ही बाटल्या दिसायला जवळपास सारख्या. पहिलीत ५ मिलीत २०० मिलीग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन, दुसरीत ४००. डॉक्टरांनी एक लिहिली, दुकानात दुसरी मिळाली आणि माप तेच ठेवलं, तर लेकराला दुप्पट तरी जातं नाहीतर निम्मं तरी. दुप्पट गेलं की संडास लागते. निम्मं गेलं की न्यूमोनिया बरा होत नाही आणि लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही.

पावडरीत पाणी घालायचं तेही उकळून पूर्ण गार केलेलं, बाणाच्या खुणेपर्यंत. अर्धं घालून हलवायचं, मग खूण गाठायची. तयार झालेलं औषध सात दिवसांवर ठेवायचं नाही. क्लॅव्हुलॅनिकवालं तर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, लाइट दुपारभर नाही. माठाजवळ ठेवलेल्या बाटलीतलं औषध तिसऱ्या दिवशी पिवळं-तपकिरी झालेलं मी पाहिलंय. फ्रिज नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. साध्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या पाण्यात विरघळणाऱ्या २५० च्या गोळ्या येतात, त्यांना फ्रिज लागत नाही. चमचाभर उकळलेल्या गार पाण्यात किंवा आईच्या दुधात गोळी विरते.

आणि कृपा करून रिकामी बाटली घेऊन 'मागच्या वेळचंच द्या' म्हणू नका. सिफिक्झाइम, सेफपोडॉक्झाइम अशी औषधं २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं.

संत्राबर्फी
आमच्या कन्येला त्या सिरपची चव इतकी आवडायची की बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी लागे. धाकटा मात्र फुर्रकन उडवायचा, भिंतीवर अजून गुलाबी डाग आहेत. एकाच घरातली दोन पोरं!

ओव्याची_पुडी
माझं मत पटणार नाही बऱ्याच जणांना, तरी लिहिते. मुळात एवढ्या लहान जिवाला अँटिबायोटिक द्यायचंच कशाला? ओवा-लसणाची पोटली, मोहरीच्या तेलाचा शेक, अडुळशाचा काढा यावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या. औषध गरम पडतं, आतड्यांची वाट लागते, मग पुरळ, मग त्यावर आणखी औषध. शरीर सांगतंय की नको, तर ऐकावं.

चिमूरकर
ओव्याची_पुडी, सर्दीसाठी तुमची पोटली मान्य. न्यूमोनियासाठी नाही. तीन पिढ्या वाढल्या खऱ्या, पण त्या पिढ्यांत जी लेकरं डब्ब्याने, म्हणजे पोट उडून श्वास लागून गेली ती सांगायला राहिली नाहीत. माझ्या आजीची दोन मुलं अशीच गेली. ती शेवटपर्यंत डब्बा झाला, लाहक लागली एवढंच सांगायची.

बालवैद्य
वर्धा जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आहे. धागा वाचून राहवलं नाही, जरा सविस्तर लिहिते. मुलाला न तपासता मी निदान करणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

झाडीपट्टी यांच्या पुतणीला जे झालं ती खरी, तातडीची अ‍ॅलर्जी. औषध गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत सुरू होते. गांधी उठतात, खाज सुटते, ओठ-पापण्या सुजतात, आवाज बदलतो, शिटी वाजते, एकसारख्या उलट्या होतात, मूल मलूल पडतं. तिथे एकच औषध जीव वाचवतं, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. १:१००० चं असेल तर किलोमागे ०.०१ मिली. एव्हिल (खाज-गांधीवरचं) आणि डेक्सा (स्टिरॉइड) आधी देऊन वाट बघत बसणं घातक आहे. त्या सिस्टरने अगदी बरोबर केलं. त्या पुतणीचा शेरा पुसायचा नाही, उलट औषधाच्या पूर्ण नावासकट जपायचा.

कापूसवेचणी ताईंनी वर्णन केलेलं पुरळ वेगळं आहे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, धडावर, सपाट, खाज नाही, मूल खेळतंय. अ‍ॅमॉक्सिसिलिन घेणाऱ्या शंभरातल्या पाच ते दहा मुलांना असं पुरळ येतं. बऱ्याचदा त्यामागे अंगातला विषाणू असतो, औषध आणि विषाणू यांची एकत्र गाठ पडून ते उठतं. चार-सहा दिवसांत आपोआप जातं. अशी मुलं पुढे तेच औषध घेतात तेव्हा बहुतेकांना काहीच होत नाही. पेनिसिलिन अ‍ॅलर्जीचा शेरा असलेल्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ते औषध चालतं.

एक तिसरा प्रकार आहे आणि तो सगळ्यांनी ओळखायला हवा. पुरळाबरोबर ताप पुन्हा चढणं, तोंडात-ओठांवर फोड, डोळे लाल होऊन चिकटणं, लघवीच्या जागी जखमा, कातडी दुखरी होऊन सोलणं. हे दुर्मीळ आहे, पण यात एक दिवसही घालवायचा नाही. औषध थांबवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. को-ट्रायमोक्साझोलसारख्या सल्फा औषधांनी हे जास्त होतं. असं झालेल्या मुलाला ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही, घेऊन बघायचा प्रयोगसुद्धा करायचा नाही.

जुलाब ही अ‍ॅलर्जी नव्हे. सर्वांत जास्त दिसणारा त्रास तोच, क्लॅव्हुलॅनिक असलेल्या औषधात अधिक. ओआरएस द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, जुलाब जास्त असतील तर १४ दिवस झिंक: सहा महिन्यांखाली रोज १० मिलीग्रॅम, वर २०. तेवढ्यासाठी न्यूमोनियाचं औषध मनाने बंद करू नका. रक्त पडलं किंवा मूल सुकलं तर मात्र लगेच दाखवा.

आता शेऱ्याची किंमत. आपल्याकडे मुलांच्या न्यूमोनियावर सगळ्यात उपयोगी, स्वस्त, घरी देता येणारं औषध अ‍ॅमॉक्सिसिलिनच आहे. ते हातातून गेलं की मूल इंजेक्शनांवर आणि जास्त जोरकस औषधांवर जातं, आणि त्यांचे त्रास याहून मोठे आहेत. म्हणून नुसत्या सपाट पुरळावरून जन्माचा शेरा मारणं मला पटत नाही. पण तो घरी प्रयोग करून पुसायचाही नाही. दवाखान्यात, तयारी ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली डोस देऊन ठरवायचं.

आणि ताई, आत्ता ३२ श्वास, खेळतंय, जेवतंय, तर त्याला न्यूमोनिया दिसत नाही. अँटिबायोटिक लागेलच असं नाही. एका वर्षापुढे पाच वर्षांपर्यंत मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, असे श्वास शांत असताना भरले तर लगेच दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, पिणं बंद झालं, झटका आला, मूल उठेना, तर आकडा मोजत बसू नका.

तर्रीपोहे
मॅडम, हा प्रतिसाद मी गावाच्या ग्रुपवर टाकतो. चालेल ना?

बालवैद्य
टाका. पण पूर्ण टाका. मधलाच तुकडा कापून 'पुरळ आलं तरी औषध चालू ठेवा' असं फिरवलं तर कुणाचं तरी लेकरू जाईल.

शिक्षक_पुसद
मग सरकारी दवाखान्यात टेस्ट डोस देतात तो कशासाठी? हातावर थोडं टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, गाठ आली नाही तर इंजेक्शन. आमच्या मुलाची टेस्ट साफ होती, तरी पूर्ण डोसानंतर अंगभर गांधी उठल्या.

बालवैद्य
नेमका प्रश्न. ज्याला आधी कधी काही झालेलं नाही त्याला, आहे ते औषध पातळ करून हातावर टोचण्यावर फार विसंबता येत नाही. साफ आली तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि साध्या टोचण्याने लाली आली म्हणून चांगलं औषध विनाकारण नाकारलं जातं. उपयोगी पडतं ते आधीचा इतिहास नीट विचारणं, पहिल्या डोसानंतर अर्धा तास मुलाला समोर बसवणं आणि ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनालिन असणं.

औषधवाला
मॅडम, याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. तुमच्या दवाखान्यात ट्रे आहे, ऑक्सिजन आहे. खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात टेस्ट डोसामुळे निदान वीस मिनिटं पेशंट तिथे बसतो तरी. ती पद्धत काढून टाकली तर टोचून लगेच घरी पाठवतील.

बालवैद्य
हा मुद्दा मानते. बसवायलाच हवं, टेस्टच्या नावाने असो की कसंही. माझं म्हणणं एवढंच की टेस्ट साफ आली म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

सातपुड्याची
मी मेळघाटात धारणीकडे आरोग्याचं काम करते. कापूसवेचणी ताईंच्या काकू 'गोवर' म्हणाल्या ते हसण्यावारी नेऊ नका. गोवरात न्यूमोनिया होतोच आणि लेकरं त्यानेच दगावतात. फरक असा, की गोवराचं पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरतं. पुरळ निघताना ताप जोरात असतो, डोळे लाल, नाक वाहतं. औषधाचं पुरळ बहुधा धडावर सुरू होतं आणि मूल बरं होत असताना येतं. शंका असेल तर आशाला किंवा सिस्टरला सांगाच. गोवर असेल तर व्हिटॅमिन ए द्यावं लागतं आणि आसपासची लेकरंही बघावी लागतात.

आमच्याकडची अडचण आणखी वेगळी. लेकराचं पोट उडायला लागलं की काही घरांत आजही भूमकाकडे (गावच्या मांत्रिकाकडे) नेतात आणि पोटावर गरम विळ्याचे चटके देतात. एक बाळ आलं होतं, बेंबीभोवती चटक्यांची रांग, त्यात पाणी भरलेलं, आणि छाती भात्यासारखी चाललेली. त्या घरात आधीच्या मुलाला 'दवाखान्याच्या औषधाने अंगावर आलं' होतं. तेव्हा कुणी समजावलं नाही आणि दुसऱ्या मुलाच्या वेळी ते दवाखान्यात आलेच नाहीत. साध्या पुरळाबद्दल दोन मिनिटं बोलायला कुणी थांबलं असतं तर ती माणसं परत आली असती. औषध बाधतं तेव्हा सांगणारं माणूस हवं, हे मी दर मीटिंगला बोलते.

ओव्याची_पुडी
सातपुड्याची, वाचून काटा आला. चटक्यांचं मी कधीच समर्थन करणार नाही. श्वास मोजायचं आजच माझ्या सुनेला दाखवते. पोटली मात्र सर्दीला करणारच.

सातपुड्याची
करा की, आजी. फक्त गरम पोटली आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, आणि बाळाला नाकात तेल घालू नका. तेल फुप्फुसात उतरलं तर त्याचाच न्यूमोनिया होतो.

वैनगंगाकाठ
सिकलसेलबद्दल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट, सगळीकडे आहे. सिकलसेलच्या लेकराची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे न्यूमोनियाचे जंतू त्याला फार लवकर गाठतात. म्हणून अशा लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिनची गोळी देतात. अशा घरात कुणी घाईने 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहिलं तर त्या मुलाची ढालच गेली. माझ्या भाचीच्या बाबतीत हे होता होता राहिलं. साधं घामोळं होतं, उन्हाळ्यातलं.

बालवैद्य
वैनगंगाकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात एक भर. न्यूमोनियात सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. चांगलं औषध आहे. पण फार क्वचित, त्यातही सिकलसेलच्या मुलांत, आधी ते मिळालेलं असेल तर पुढच्या डोसानंतर रक्त झपाट्याने फुटल्याचं नोंदलं गेलंय. इंजेक्शननंतर मूल अचानक पांढरं पडलं, कमरेत दुखायला लागलं, लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर क्षणभर थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य 'याला सिकल आहे' हेच बोला, कार्ड दाखवा.

नवजात बाळांबाबतही: सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन आणि कॅल्शियम असलेलं सलाइन एकत्र चालत नाही. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाइनमध्ये कॅल्शियम असतं. खेड्यात बाटली लावताना हे विसरलं जाऊ नये.

मधलीआळी
इंजेक्शनांचा विषय निघालाच आहे तर. माझ्या आत्येभावाचा मुलगा लहानपणी खोकल्यासाठी एका झोलाछापाकडे नेला होता. कुल्ल्यात इंजेक्शन दिलं, पोरगं किंचाळलं आणि त्या दिवसापासून उजवं पाऊल उचलेना. नसेला सुई लागली होती. आज कॉलेजात जातो, पण चप्पल त्या पायात टिकत नाही, पट्टा बांधतो. हे औषधाचं नाही, सुईचं. पण घरच्यांनी वीस वर्षं 'औषधाची रिअ‍ॅक्शन' म्हणूनच सांगितलं आणि तो मुलगा आजही तापात गोळी घ्यायला घाबरतो.

बालवैद्य
हडकुळ्या लेकरात कुल्ल्याची नस वरच असते. म्हणून लहान मुलांना स्नायूतलं इंजेक्शन मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातच द्यायचं. आईबापांनी हे तोंडाने मागावं, संकोच करू नये.

हिंगणघाटची
जेंटामायसिन, अमिकॅसिनने कान जातात म्हणतात, ते खरं का? माझ्या मावशीला लहानपणी इंजेक्शनं झाल्यावर ऐकू येईना झालं. आईच्या बाजूला आणखी एकाला तसंच.

बालवैद्य
डोस जास्त किंवा जास्त दिवस झाला तर कानाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून वजन करूनच द्यायचं. गंभीर न्यूमोनियात अ‍ॅम्पिसिलिनबरोबर जेंटामायसिन लागतं, तिथे त्याचा फायदा मोठा आहे. पण तुम्ही सांगता तसं आईकडच्या नात्यात इंजेक्शननंतर बहिरेपण आलेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईकडून मुलांकडे जाणारा एक जनुकीय दोष असतो, त्यात साध्या डोसानेही कान जाऊ शकतात. अशा वेळी दुसरं औषध निवडता येतं.

हिंगणघाटची
हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मुलीच्या फाइलवर लिहून ठेवते.

धागासंपादक
दोन प्रतिसादांतली डॉक्टरांची आणि औषध कंपन्यांची नावं काढली आहेत. अनुभव जरूर लिहा, नावं नकोत. धागा आरोग्य विभागात हलवला आहे.

चिमूरकर
आपल्याच मातीतलं एक काम इथे यायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये गडचिरोलीत ५८ गावांत न्यूमोनियाचा प्रयोग केला, शेजारची ४४ गावं तुलनेला. गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी श्वास मोजून को-ट्रायमोक्साझोल द्यायच्या. आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं साधं यंत्र बनवलं होतं. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी राहिले. म्हणून अँटिबायोटिकला सरसकट विष म्हणणं मला पटत नाही. बालवैद्य मॅडमनी वर सांगितलेली ती सल्फा औषधंच होती, त्यांचा धोका आहेच, तरी लेकरं त्यांनीच वाचली. आता त्यांची जागा अ‍ॅमॉक्सिसिलिनने घेतली, हेही बरं झालं.

आशा_पांढरकवडा
ताई-दादांनो, मी आशा आहे. २०१९ पासून 'सांस' या न्यूमोनियावरच्या सरकारी मोहिमेत आम्हाला श्वास मोजायला शिकवलं. न्यूमोनिया वाटला तर वर पाठवण्याआधी अ‍ॅमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्यायलाही सांगितलं. पण घरचे विचारतात, 'मागं याला औषधानं अंगावर आलं होतं, देऊ का?' आणि कोणतं औषध ते कुणालाच सांगता येत नाही. बाटली फेकलेली, चिठ्ठी पावसात भिजलेली. 'लाल रंगाचं पातळ औषध' एवढंच. मग माझा हात थांबतो.

आणि आयांनो, न्यूमोकोकलची लस चुकवू नका. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. २०२१ पासून सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये (पाच रोगांवरची एकत्र लस) हिब या जंतूवरची लस असते, तीही न्यूमोनिया टाळते.

कापूसवेचणी
सगळ्यांचे खूप आभार. मध्ये लिहायला वेळ झाला नाही, वेचणी चालू होती. मुलाचा तो खोकला अँटिबायोटिकशिवायच गेला. पण थंडी अजून बाकी आहे म्हणून त्याला बरा असताना मुद्दाम एका मोठ्या दवाखान्याच्या बालरोग ओपीडीत नेलं. नशिबाने पुरळाचे फोटो मोबाइलवर होते आणि जुनी बाटलीही माझ्याकडे होती. डॉक्टरांनी फोटो मोठे करून बघितले. पुरळ कोणत्या दिवशी आलं, शेवटचा डोस किती वाजता दिला होता, खाज, सूज, तोंडात फोड, ताप, घरात कुणाला काही, सगळं विचारलं. मग अ‍ॅमॉक्सिसिलिनचा थोडा डोस तिथेच दिला, थांबवलं, नंतर उरलेला दिला आणि दोन तास समोर बसवून ठेवलं. पोरगं वॉर्डातल्या लोखंडी पाळण्याच्या गजांना लोंबकळत होतं. काही झालं नाही. पुढचे दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तेव्हाही काही उठलं नाही.

त्यांनी जुन्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'अ‍ॅमॉक्सिसिलिन चालतं. पूर्वी पाचव्या दिवशी सौम्य पुरळ, तातडीची अ‍ॅलर्जी नाही.' सही, तारीख.

झाडीपट्टी
लय चांगलं झालं ताई. मॅडमनं समजावल्यावर मलेबी फरक उमजला. माह्या पुतणीच्या कार्डावर औषधाचं नावच नव्हतं, नुसतं 'इंजेक्शनची अ‍ॅलर्जी' लिहून होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन जुना केसपेपर काढाले लावला. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन निघालं. आता मोठ्या अक्षरात नाव लिहून प्लास्टिकमंधी घालून देलं वहिनीले. पण मॅडम, मंग तिले अ‍ॅमॉक्सिसिलिन चालन का?

बालवैद्य
बहुधा चालेल, पण तिची रिअ‍ॅक्शन गंभीर होती, म्हणून हे अंदाजावर सोडू नका. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन यातलं) या दोन गटांत पूर्वी १० टक्के लोकांना दोन्हींची अ‍ॅलर्जी असते असं धरत. आता हे प्रमाण खूपच कमी, २ टक्क्यांच्या आसपास मानतात. तरी पहिला डोस मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातच, सगळी तयारी ठेवून.

आणि ही रिअ‍ॅक्शन कळवली का? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. मेडिकल कॉलेजांत त्याची नोंदणी केंद्रं आहेत. रुग्णाच्या घरच्यांनाही कळवता येतं, १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी दिलं, किती वेळाने काय झालं, एवढं हाताशी ठेवा. खेड्यांतून नोंदी फार कमी जातात, म्हणून आपल्याकडच्या लेकरांना काय बाधतं ते वरपर्यंत पोचतच नाही.

झाडीपट्टी
बॅच नंबर केसपेपरवर नाही. बाकी सगळं आहे. सोमवारी फोन लावतो.

आशा_पांढरकवडा
आमच्या गटातल्या आशांनी ठरवलंय, बाळाच्या लसीकरण कार्डाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायचं: औषधाचं नाव, किती दिवसांनी काय झालं, वजन. सिस्टरने होकार दिलाय. कापूसवेचणी ताई, तुमच्या कागदाचा फोटो नाव झाकून टाकता का? तसाच नमुना करते.

कापूसवेचणी
संध्याकाळी टाकते, नक्की.

संत्राबर्फी
मॅडम, जाता जाता एक. धाकटा औषध उडवतो म्हटलं होतं ना. डोस दिल्यावर लगेच उलटी केली तर पुन्हा द्यायचा का? की जास्त होईल?

बालवैद्य
अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर थोडं थांबून तोच डोस पुन्हा द्या. अर्ध्या तासानंतर झाली तर पुढचा डोस ठरल्या वेळी. प्रत्येक डोस उलटून पडत असेल तर मात्र घरी थांबू नका, त्याला इंजेक्शन लागेल. आणि ड्रॉपर जिभेवर रिकामा करू नका, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, कमी उडवेल.